‘भासवणे’ नीट वापरायचं कसं: शब्द निवडण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

लोकांचे अर्ज, तक्रारी, मीटिंगचे वृत्तांत, ग्रुपवर टाकायचे लांबलचक मेसेज असं काय काय माझ्याकडे तपासायला येतं आणि त्यात ‘भासवणे’ आणि त्याच्या भावकीतल्या शब्दांखाली मी सतत रेघ मारत असतो. हे तीन नमुने बघा, तिन्ही खरेखुरे आलेले, फक्त जरा छाटून देतोय:

“आरशाने खोली मोठी भासवली.”
“त्यांनी मला दिशाभूल केलं.”
“आम्हाला मदतीची गरज भासवली.”

पहिलं वाक्य चालून जाईल असं वाटतं, दुसरं घाईत खटकत नाही, आणि तिसऱ्यात लिहिणाऱ्या बाईंना बिचाऱ्यांना एवढंच म्हणायचं होतं की गरज भासली, पण एका ‘व’ने अर्थ झाला की कुणीतरी नसलेली गरज त्यांच्या गळ्यात मारली. खोटं चित्र उभं करण्यासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, त्यामुळे अडतं ते शब्दावाचून नाही, तर आपण शब्द आधी उचलतो आणि नेमकं काय घडलं ते नंतर आठवतो म्हणून. खाली क्रम उलटा लावलाय. तो मोडू नका, पायरी 1 सोडून थेट 5 वर गेलात तर परत तिथेच येऊन अडकाल.

पायरी 1: लिहायच्या आधी चार प्रश्न

कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये चार ओळी लिहा. मनातल्या मनात उत्तरं दिली तर आपण स्वतःलाच झुकतं माप देतो, म्हणून लिहायचंच.

क) खरं काय होतं?
ख) समोर काय दिसलं किंवा काय सांगितलं गेलं?
ग) या दोन्हींतला फरक कुणी मुद्दाम पाडला का, आणि मुद्दाम हे मला कशावरून कळलं?
घ) ज्याच्यासाठी केलं तो फसला का?

‘ग’ सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळेजण नेमका तोच गाळतात. भासवणे या शब्दात हेतू ठासून भरलेला आहे, तुम्ही ‘भासवलं’ लिहिलंत की समोरच्याने जाणूनबुजून केलं असं तुम्ही छातीठोक सांगताय. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका मीटिंगचा वृत्तांत लिहिताना मी ठोकून दिलं की अमक्यांनी वर्गणी भरल्याचं भासवलं, कारण त्यांनी भरली म्हणून सांगितलं होतं आणि खात्यात काही दिसत नव्हतं. निघालं काय, तर त्यांनी पैसे पाठवलेलेच होते, ते मधेच अडकून दोन दिवसांनी जमा झाले. मला क, ख माहीत होते आणि ‘ग’ मी गृहीत धरला. लिहायला हवं होतं ते इतकंच, “वर्गणी भरल्याचं त्यांनी सांगितलं, रक्कम अजून जमा झालेली दिसत नाही.” नंतर सगळ्यांसमोर सॉरी म्हणावं लागलं ते वेगळंच.

⚠ सावधान: ‘ग’ला उत्तर “माहीत नाही” असेल तर भासवणे, आव आणणे, ढोंग, बनाव, फसवणूक हे सगळे शब्द बाद. सांगितलं, दिसलं, वाटलं, गैरसमज झाला, एवढ्यावर भागवा.

पायरी 2: भासणे की भासवणे, आधी हे ठरवा

भासणे म्हणजे वाटणे, दिसणे, प्रत्यक्षात तसं असेल किंवा नसेलही. इथे कुणी फसवणारा लागत नाही. भासवणे हे त्याचं प्रयोजक रूप, बसणे आणि बसवणे यांच्यासारखंच, म्हणजे कुणीतरी दुसऱ्याला तसं वाटायला लावलं.

साधी कसोटी: वाक्यात हेतू असू शकेल असा माणूस (किंवा संस्था, कंपनी, म्हणजे शेवटी माणसंच) आहे का? नसेल तर भासणे, आणि कारण ‘मुळे’ लावून सांगायचं.

आरशामुळे खोली मोठी भासते. ✔
आरशाने खोली मोठी भासवली. ✘
मोठा आरसा लावून त्यांनी खोली ऐसपैस असल्याचं भासवलं. ✔ (इथे लावणारा आहे आणि त्याचा डावही आहे)

1889 मध्ये म्युलर-लायरने मांडलेली ती प्रसिद्ध आकृती आठवा, दोन सारख्याच लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे. मोजपट्टी लावून सारख्या निघाल्या तरी दुसरी लांबच दिसत राहते. तर ती रेघ लांब भासते, भासवत नाही, रेघेला काय पडलंय! तसंच सूर्याचं भासमान भ्रमण: पृथ्वी फिरते म्हणून सूर्य सरकताना दिसतो, सूर्य काही आपल्याला गंडवत नाही. ‘भासमान’ हा शब्द म्हणूनच बिनआरोपाचा आहे, निर्धास्त वापरा.

याच घरातले आणखी तीन शब्द लोक एकमेकांत कालवतात. भास होणे म्हणजे नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं. भ्रम म्हणजे खोटी पण घट्ट बसलेली समजूत. मानसिक आजारांबद्दल लिहिताना हा फरक काटेकोर पाळावा लागतो, आवाज ऐकू येतात तो भास, शेजारी मला विष घालतायत ही पक्की खात्री तो भ्रम. आणि आभासी म्हणजे खोटं नव्हे. आभासी चलन, आभासी जग यांत आभासी म्हणजे जे कॉम्प्युटरवर आहे, हातात धरता येत नाही असं, त्यामुळे बनावट वस्तूला “आभासी वस्तू” म्हणू नका, लोकांना वाटेल ऑनलाइन गेममधलं काहीतरी आहे.

✔ तपासा: ‘भासवलं’ काढून ‘वाटायला लावलं’ टाका. वाक्य जमतंय का? “आरशाने खोली मोठी वाटायला लावली” म्हणताना जीभ अडखळते, म्हणजे शब्द चुकला.

पायरी 3: ‘गरज भासणे’ला हात लावू नका

ही पायरी छोटी आहे पण सगळ्यात जास्त चुका इथेच. गरज भासणे, उणीव भासणे, चणचण भासणे, टंचाई भासणे, यांत भासणे म्हणजे खरोखर जाणवणे. खोटेपणाचा इथे लवलेश नाही. पाण्याची टंचाई भासली म्हणजे पाणी खरंच कमी पडलं.

त्यात ‘व’ घुसवला की अर्थ एकदम उलटा. “औषधाची टंचाई भासवली” म्हणजे माल दडवून ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं. हा गंभीर आरोप आहे. खरंच तसं म्हणायचं असेल तर ‘कृत्रिम टंचाई निर्माण केली’ जास्त स्पष्ट पडतं.

आणि ‘भासू न देणे’ हा तिसराच प्रकार, आणि तो चक्क कौतुकाचा. “वडील गेल्यावर काकांनी आम्हाला कशाची उणीव भासू दिली नाही.” यात काकांनी काही लपवलं नाही, त्यांनी खरोखर पुरवलं. एका श्रद्धांजलीच्या मजकुरात मी “उणीव नसल्याचं भासवलं” असं वाचलंय, लिहिणाऱ्याच्या मनात आदर होता, कागदावर मात्र काकांवर ठपका आला.

पायरी 4: वाक्याची बांधणी

शब्द भासवणेच हवा असं ठरलं तर आता व्याकरण. क्रमाने घ्या.

पहिलं, काय भासवलं ते ‘-ल्याचं’ किंवा ‘असं’ लावून सांगायचं. “आजारी असल्याचं भासवलं” किंवा “आपण आजारी आहोत असं भासवलं”, दोन्ही बरोबर. “तो आजारी भासवला” हे वाक्यच नाही. “तो आजारी भासला” हे आहे, पण त्याचा अर्थ तो आजारी वाटला, बस.

दुसरं, भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो (मी, तू, आम्ही, तुम्ही सोडून). तिने भासवलं, त्यांनी भासवलं, ‘ती भासवली’ नाही. क्रियापद कर्माच्या लिंगावर जातं, त्यामुळे “घाई भासवली” पण “घाई असल्याचं भासवलं”. या दोघांची खिचडी करून लोक “घाई असल्याची भासवली” लिहितात, ते टाळा. ‘-ल्याचं’ आलं की पुढे भासवलं, नपुंसकलिंगी एकवचनी, डोळे झाकून.

तिसरं, ‘आपण’ की ‘तो’. “त्याने तो पोलीस असल्याचं भासवलं” यात पोलीस कोण, बोलणारा की त्याच्याबरोबरचा दुसराच कुणी? स्वतःबद्दल असेल तर आपण: “त्याने आपण पोलीस असल्याचं भासवलं.” दुसऱ्याबद्दल असेल तर सरळ सांगा: “त्याने सोबतचा माणूस पोलीस असल्याचं भासवलं.” तक्रारीत या एका शब्दाने आरोपी बदलतो हे लक्षात ठेवा.

चौथं, ‘भासवून’. बातम्यांत हे रूप रोज दिसतं आणि रोज मोडलेलंही दिसतं. नियम सोपा, जो भासवतो त्यानेच पुढची क्रियाही केली पाहिजे.

पोलीस असल्याचं भासवून आजींचे दागिने गेले. ✘ (दागिन्यांनी भासवलं की काय?)
पोलीस असल्याचं भासवून चोरट्यांनी आजींचे दागिने लांबवले. ✔

पाचवं, दुप्पट खोटं करू नका. “खोटंच असल्यासारखं भासवण्याचं नाटक केलं” यात खोटं, सारखं, भासवणं आणि नाटक असे चार शब्द एकच काम करतायत. एक ठेवा, तीन काढा. बोलताना रागाच्या भरात “खोटंच भासवलं” निघून जातं ते ठीक, पण लिहिताना नको.

बोलीतलं ‘भासवलं’ आणि प्रमाण ‘भासवले’ दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच. अर्जात भासवले, मेसेजमध्ये भासवलं, हे बरं.

पायरी 5: नकाराची जागा

‘नाही’ कुठे बसतो यावर सगळं अवलंबून आहे. तीन वाक्यं एकाखाली एक वाचा:

त्याने आजारी असल्याचं भासवलं नाही.
त्याने आजारी नसल्याचं भासवलं.
आजारी आहे हे त्याने भासू दिलं नाही.

पहिल्यात त्याने नाटक केलं नाही. दुसऱ्यात तो आजारी होता आणि ठणठणीत असल्याचा बहाणा केला. तिसऱ्यात तो आजारी होता आणि त्याने इतरांना जाणवू दिलं नाही, इथे वाचणारा त्याला खोटारडा नाही, सोशिक समजतो. घटना जवळजवळ तीच असून दुसरं आणि तिसरं वाक्य किती लांब जाऊन पडतात बघा. नोकरीच्या मेडिकल फॉर्मवर लपवलं असेल तर दुसरं वाक्य, घरच्यांना काळजी नको म्हणून असेल तर तिसरं.

✔ तपासा: वाक्य मोठ्याने वाचा आणि स्वतःला विचारा, माणूस खरोखर आजारी होता की नाही? वाचून उत्तर मिळत नसेल तर नकार हलवा.

पायरी 6: भासवणे नको असेल तर काय

इथे रेंगाळणार आहे, कारण खरी मजा इथेच आहे. प्रत्येक शब्दाचं काम वेगळं आणि सोबत येणारं क्रियापदही वेगळं.

*आव आणणे.* गुणांचा किंवा मनःस्थितीचा, आणि त्यात टोमणा असतो. शहाणपणाचा आव, काहीच माहीत नसल्याचा आव. आव आणतात, घेत नाहीत, करत तर नाहीतच. “पोलीस असल्याचा आव आणला” म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस नुसताच रुबाब झाडत होता, गुन्हा पातळ होतो.

*सोंग.* यात शरीर लागतं. झोपेचं सोंग, वेडाचं सोंग. घेतात, आणतात, वठवतात. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं नाही, या दोन्ही म्हणींत सोंग म्हणजे बाहेरून धारण केलेली अवस्था. सोंग नेहमीच वाईट नसतं हेही ध्यानात असू द्या, रंगमंचावरचा नट सोंग वठवतो त्याला आपण टाळ्या देतो.

*ढोंग.* चांगुलपणाचं सोंग म्हणजे साधारण ढोंग. भक्तीचं, त्यागाचं, सचोटीचं. ढोंग करतात. ⚠ ‘ढोंग केलं’ हे एका प्रसंगाबद्दल झालं, ‘ढोंगी आहे’ हा संपूर्ण माणसावर शिक्का झाला. एकदा पाहिलेल्या वागण्यावरून शिक्का मारू नका.

*बतावणी.* तोंडाने सांगितलेलं खोटं. बँकेतून बोलतोय अशी बतावणी केली. भासवणे हे गप्प बसूनही होतं, खाकी कपडे घालून नुसतं उभं राहिलं तरी भासवलं जातं. बतावणीला मात्र बोलावं लागतं.

*बनाव.* रचलेली घटना. अपघाताचा बनाव रचला, म्हणजे मोडलेली गाडी, पसरलेल्या काचा वगैरे सगळा देखावा उभा केला. नुसतं “अपघात झाला” असं खोटं सांगितलं तर तो बनाव नाही, ती थाप. थाप मारतात.

*दिखावा.* श्रीमंतीचा, प्रेमाचा. देखावा म्हणजे आता मुख्यतः दृश्य किंवा मांडलेला सेट, तेव्हा “डोंगरावरचा दिखावा सुंदर होता” असं लिहून निसर्गाला उगाच बदनाम करू नका.

*वेड पांघरून पेडगावला जाणे.* माहीत असून अजाण बनणे आणि त्यातून आपलं काम साधून घेणे. फक्त अज्ञानाच्या सोंगाला, बाकी कशाला नाही.

*दिशाभूल.* स्त्रीलिंगी, आणि ज्याची झाली त्याला ‘ची’ लावायचं: माझी दिशाभूल केली, वाचकांची दिशाभूल झाली. “मला दिशाभूल केलं” हे कुठेच बसत नाही. याची खासियत अशी की एकही खोटं वाक्य न बोलता दिशाभूल करता येते. शिवाय ‘दिशाभूल झाली’ मध्ये हेतू नाही, ‘केली’ मध्ये बहुतेक वेळा आहे, म्हणजे पायरी 1 च्या ‘ग’ला उत्तर नसेल तर ‘झाली’ तुम्हाला वाचवतं.

*फसवणूक.* इथे ‘घ’चं उत्तर हो असलं पाहिजे. भासवूनही समोरचा फसला नाही असं होऊ शकतं (“त्याने अधिकारी असल्याचं भासवलं, पण मी ओळखलं”), पण फसवलं म्हटलं की कुणीतरी फसलंच. नाहीतर ‘फसवायचा प्रयत्न’ लिहा. आणि फसवणूक दीर्घ, फसवणुकीचा ऱ्हस्व, हा ‘णू-णु’ निम्मे लोक चुकवतात.

गंडवणे, टोपी घालणे, शेंडी लावणे, मामा बनवणे ही मंडळी गप्पांत आणि मेसेजमध्ये झकास, अर्जात नको.

पायरी 7: एका उदाहरणावर हात बसवा

समजा एका रिपोर्टमध्ये दोन खांबांचा आलेख आहे. गेल्या वर्षी 96, यंदा 98. उभी रेघ 0 पासून सुरू न करता 95 पासून केली आहे. मग पहिला खांब 1 घर उंच, दुसरा 3 घरं उंच, म्हणजे बघणाऱ्याला तिप्पट वाढ, प्रत्यक्षात वाढ साधारण 2 टक्के.

आता लिहा. “रिपोर्टमध्ये खोटे आकडे दिलेत” चूक, आकडे खरे आहेत. “आलेखात वाढ प्रत्यक्षापेक्षा खूप मोठी भासते” बरोबर, आणि हे कुणीही कधीही लिहू शकतं. “हा आलेख दिशाभूल करणारा आहे” हेही बरोबर, दोष आलेखाला दिलाय. “त्यांनी तिप्पट वाढ झाल्याचं भासवलं” हे मात्र तेव्हाच, जेव्हा मुद्दाम केल्याचा पुरावा आहे, उदाहरणार्थ मागच्या सगळ्या वर्षांचे आलेख 0 पासून होते आणि फक्त यंदाचाच 95 पासून, आणि खाली ठळक अक्षरांत “घसघशीत वाढ” असं लिहिलंय. तरी मी एकदा विचारून घेईन, कारण काही सॉफ्टवेअर आपोआप रेघ वर सरकवतात आणि करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

पायरी 8: तक्रारीत किंवा अर्जात वापरताना

कायद्याच्या मराठीत फसवणुकीला ‘ठकवणूक’ असा शब्द आहे आणि दुसराच कुणी असल्याचं भासवून ठकवणे म्हणजे तोतयेगिरी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ठकवणूक कलम 318 मध्ये आणि तोतयेगिरीची ठकवणूक 319 मध्ये आहे. बोलण्यात मात्र जुन्या 420 वरून आलेला ‘चारसोबीस’ जिवंत आहे आणि राहीलही, पण अर्जात घालू नका. जाहिरातीबद्दल तक्रार असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधला शब्दप्रयोग ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ हाच घ्या, तिथे ‘भासवणारी’ चालणार नाही.

⚠ सावधान: तक्रारीत नुसतं ‘भासवले’ पुरत नाही. तो तुमचा निष्कर्ष आहे, घटना नाही. समोरचा काय बोलला, काय दाखवलं, कधी, कोणत्या नंबरवरून, हे आधी लिहा आणि मग एकदाच भासवले.

माझ्याकडे आलेला मसुदा असा होता: “सदर इसमाने खोटंच बँक अधिकारी असल्यासारखं भासवण्याचं नाटक करून मला दिशाभूल केलं आणि भासवून माझ्या खात्यातून पैसे गेले.”

दुरुस्त करून असा झाला: “दुपारी आलेल्या फोनवर समोरच्या व्यक्तीने ‘मी बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे’ असे सांगितले. आपण बँकेचे अधिकारी असल्याचे भासवून त्याने माझ्याकडून ओटीपी घेतला आणि खात्यातून रक्कम काढली.” त्यात वेळ, फोन नंबर आणि रक्कम भरायला सांगितली. आणि मसुदा घासत बसायच्या आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायला सांगितलं, कारण पैसे थांबवायचे असतील तर तिथे मिनिटं मोजली जातात, वाक्य नंतरही सुधारता येतं.